पाच हजार झाडांचा माळी

सावळीराम भोये नाशिकला सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत पंधरा वर्षं माळी होता, आणि त्या पंधरा वर्षांत तो एकही दिवस त्या कंपनीचा माणूस नव्हता. हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी कधी ठेकेदाराच्या हाताखाली काम केलेलं नाही. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवायचे, नवं कार्ड द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो तीच कात्री घेऊन तीच मेंदी कापायला उभा राहायचा. ठेकेदार तीन झाले. मेंदी तीच होती.

कंपनीचं नाव सांगत नाही. मधल्या काळात ते दोनदा बदललं आहे आणि तिसऱ्यांदा बदलणार नाही याची खात्री देता येत नाही. ती रंग बनवायची. भिंतीचे, गाड्यांचे, फ्रीजचे. पाळीवर येणारे कामगार मागच्या पुलावर सायकल थांबवून खालच्या नाल्यात डोकवायचे आणि सांगायचे, "आज पोपटी चाललाय." पुढच्या बाजूला मात्र हिरवळ होती, कारंजं होतं, गुलाबाचे ताटवे होते. ही पुढची बाजू सावळीरामच्या हातात होती. मागची कोणाच्याच हातात नव्हती.

तो सुरगाण्याकडचा. उंबरदरा नावाचा पाडा, पंचवीस-तीस घरं, वडाप जीप जिथं सोडते तिथून पुढे कच्च्या रस्त्याने पायी तासभराचा चढ. नागली, म्हणजे नाचणी, झोडून घरात आली की पाड्यातली धडधाकट माणसं दाराला दोरी बांधून दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे उतरायची आणि उन्हाळ्यापर्यंत बांधावर पालं ठोकून राहायची. सावळीरामही तसाच उतरला होता. चौऱ्याण्णव साली त्याच्या बागाईतदाराच्या मेव्हण्याला सातपूरच्या कंपनीत बागकामाचा ठेका मिळाला. मेव्हण्याला झाडापानातलं काही कळत नव्हतं, म्हणून ज्याला कळतं असा माणूस त्याने बागेतून उचलला. सावळीरामने खोचलेली काडीही फुटायची, एवढीच त्याची पात्रता. बायको चंद्रभागा मात्र पाड्यावरच राहिली, कारण शेत होतं.

शेत म्हणजे डोंगराच्या उतारावरचा दीड एकराचा तुकडा. आज्याने फोडलेला, बापाने कसलेला, आणि कागदावर जंगलाचा. तिथं एक वर्ष नागली लावायची, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी तेलाची खुरासणी, आणि मग दोन-तीन वर्षं जमिनीला निजू द्यायचं. नाही निजू दिलं तर उताराची माती थकते आणि पावसाबरोबर चालू लागते. आवणीला आणि कापणीला सावळीराम रजा टाकून जायचा. एरवी तो चंद्रभागेचाच कारभार होता आणि तो ती चोख करायची.

कंपनीत पर्यावरणाचा एक दिवस असायचा, पाच जून. त्या दिवशी गेटजवळच्या खड्ड्यात मोठे साहेब किंवा कोणी पाहुणा झाड लावायचा. खड्डा दरवर्षी तोच. कारण त्याच्या मागे कंपनीच्या नावाची भिंत यायची आणि फोटो तिथंच नीट निघायचा. सहा जूनला सावळीराम ते रोप हलक्या हाताने मुळांसकट उचलून कँटीनच्या मागे नेऊन लावायचा आणि खड्डा पुढच्या वर्षासाठी रिकामा करून ठेवायचा. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका खड्ड्यात दुसरं झाड लावायचं तर पहिल्याचं काहीतरी करायला हवं, एवढं त्याला कळत होतं. काही वर्षांत कँटीनमागे चांगली सावली झाली. तिथं बसून डबा खाणाऱ्या कामगारांना आपण एका माजी सरव्यवस्थापकाच्या आंब्याखाली बसलोय हे ठाऊक नव्हतं, आणि त्या सरव्यवस्थापकालाही.

दोन हजार दोन साली कंपनीला एकाएकी जबाबदारीची जाणीव झाली. ही जाणीव परदेशातून आली होती. तिकडच्या गिऱ्हाइकाने माल घेण्याआधी विचारलं होतं की समाजासाठी आणि निसर्गासाठी तुम्ही काय करता. मोठ्या साहेबांनी कामगारांना हिरवळीवर जमवून भाषण केलं. "सामाजिक जबाबदारी ही आपल्या धंद्याला वरून चिकटवलेली गोष्ट नाही," ते म्हणाले, "ती आपल्या धंद्याच्या नसानसांतून वाहते." त्या दिवशी नाला जांभळा वाहत होता. आठवड्याभरात जबाबदारीचा विभाग उघडला. दोन खोल्या, एक एसी, भिंतीवर हसऱ्या आदिवासी मुलीचा फोटो, आणि खुर्चीवर मोहिनी मॅडम.

मोहिनी मॅडम गंगापूर रोडच्या. समाजकार्याची पदवी घेतलेल्या, हसतमुख, कोणाला एकदम टाकून न बोलणाऱ्या. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच राग यायला नको. गरिबांबद्दल तिला मनापासून वाटायचं, आणि वाटलं की ती ते लगेच टाईप करायची. सावळीरामला ती एरवी 'तू' म्हणायची. कॅमेरा समोर असला की 'सावळीरामदादा'.

विभागाने पहिल्याच बैठकीत एक गाव दत्तक घ्यायचं ठरवलं. पण शोधाशोध केल्यावर कळलं की नाशिकजवळची, डांबरी रस्त्यावरची, तासाभरात जाऊन येता येईल अशी सगळी गरीब गावं इतर कंपन्यांनी आधीच दत्तक घेऊन ठेवली आहेत. एका गावाला तर तीन कंपन्यांच्या तीन पाट्या लागल्या होत्या. मॅडम खिडकीशी विचार करत उभ्या होत्या. खाली सावळीराम गुलाब छाटत होता.

"सावळीराम, तुझं गाव गरीब आहे ना रे?"

"हाय मॅडम," सावळीराम ओशाळून म्हणाला. "लय नाय, पन हाय."

"आणि आजूबाजूचे डोंगर? उघडेबोडके आहेत?"

"मे महिन्यात समदेच असत्यात, मॅडम."

मॅडमनी वहीत 'उघडेबोडके' एवढंच लिहिलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच मंडळी उंबरदऱ्याला आली. दोन गाड्या, मॅडम, एक फोटोग्राफर आणि पाण्याच्या बाटल्यांची पेटी. आणि इथं सावळीरामच्या हातून ती चूक झाली. उंबरदऱ्याची रीत अशी की पाहुणा आला की त्याला आधी आपलं शेत दाखवायचं. घर काय, सगळ्यांचीच कुडाची. शेत दाखवलं की माणूस कळतो. पंधरा जणांना पाणी पाजून, नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी खाऊ घालून सावळीराम कौतुकाने सगळ्यांना घेऊन आपल्या उतारावर चढला. दुसऱ्या कोणाच्या माळावर नेलं असतं, गावठाणातल्या पडीक जागेवर नेलं असतं, तर ही गोष्टच घडली नसती. पण कंपनीची माणसं आपल्या घरी आलेली, तिथं परक्याचं शेत कसं दाखवणार?

"ह्ये निजलंय मॅडम," त्याने शेताची ओळख करून दिली. "खुरासनी काढली मागल्या साली. अजून दोन वर्सं निजंल, मंग नागली."

"बघा," मॅडम फोटोग्राफरला म्हणाल्या, "वर्षानुवर्षं ही जमीन अशीच मरून पडली आहे."

फोटोग्राफर मात्र हरखला होता. मागे डोंगरांची रांग, पुढे मोकळा उतार, आणि सूर्य बरोबर हवा तिथं. "हाच स्पॉट," तो म्हणाला.

मॅडमनी सगळ्या पाड्यासमोर सावळीरामचा हात धरून विचारलं, "सावळीरामदादा, इथे आपण झाडं लावू या?"

घरी आलेल्या पाहुण्याने काही मागितलं तर दारातून नाही म्हणायचं नसतं. शिवाय सावळीरामला वाटलं, बांधाला पाच-दहा लावतील. लावू की, तो म्हणाला. चंद्रभागा मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, आणि ते हसू नव्हतं. पाहुणे खाली उतरेपर्यंत तिने दम धरला आणि मग विचारलं, "जमीन कोनाला इचारून दिली?"

"दिली कुठं? झाडंच तर लावायची हायेत."

"झाडं लावलेली जमीन परत कोन देतं वो?"

जमीन कागदावर जंगलाची असल्यामुळे परवानगी लागणार होती, पण तसं पत्र पाठवलेलं आहे असं मॅडमनी सांगितलं. ते पत्र पाठवायच्या फायलीत होतं आणि शेवटपर्यंत तिथंच सुखाने राहिलं.

सावळीरामने एकदा धीर केला. रोपं ट्रकमध्ये चढताना तो म्हणाला, "मॅडम, पंधरा दिस थांबा. मिरग लागू द्या, माती भिजू द्या. आता लावलं तर जगायचं नाय."

"अरे, पर्यावरण दिन पाच तारखेलाच असतो, सावळीराम," मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "तो आपल्याला पुढे नाही ढकलता येत."

पाऊस मात्र मागे ओढता आला असता, असा त्यांचा समज असावा. दोन हजार तीनच्या पाच जूनला मोठे साहेब टोपी घालून उंबरदऱ्याला आले. ट्रकमध्ये सहाशे रोपं होती. उरलेली चार हजार चारशे दुसऱ्या दिवशी पेपरात आली. खड्डे पाड्यातल्याच माणसांनी खणले, सावळीराम त्यांचा मुकादम. म्हणजे आपल्याच शेतात, आपल्याच हाताने त्याने सहाशे खड्डे मोजून-मापून खणून दिले, आणि वर एक निळी पत्र्याची पाटी रोवली: 'कंपनी वनप्रकल्प, पाच हजार वृक्ष'. साहेबांनी एक गुलमोहर लावला, हात धुतले, आणि गाड्या निघून गेल्या.

पंधरा दिवसांत रोपं करपली. सावळीरामने रजा वाढवून, झिऱ्यावरून हंड्याने पाणी वाहून काही दिवस झुंज दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लावलेलं मरत होतं आणि ते त्याला बघवत नव्हतं. झिऱ्यावर बाया वाटीवाटीने पाणी भरत होत्या आणि हा हंडे वाहत होता, तेव्हा शेजारची भागुबाई त्याला म्हणाली, "तुजी कंपनी पानी पिती व्हय रं?" तो शरमेने थांबला. सहाशेपैकी सात जगली, तीही बांधालगत होती म्हणून.

मग पाऊस आला. उतारावर सहाशे खड्डे, उकरलेली माती, वर रोपांच्या पिशव्यांतलं शेणखत. चंद्रभागेने कमरेवर हात ठेवून एकदा सगळीकडे नजर फिरवली.

"निजलेलं शेत कंपनीनं उठवलं," ती म्हणाली. "उठलंच हाय तर कामाला लावू."

तिने घरामागे राब करून नागलीचं बी टाकलं, रोपं कमी पडली ती भागुबाईकडून आणली, आणि जुलैत सगळा उतार आवून टाकला. निळी पाटी तेवढी मध्ये उभी राहिली. तिच्यावर कावळे बसायचे.

ऑक्टोबरात मॅडमचा निरोप आला की मुंबईच्या कुठल्याशा पुरस्कारासाठी वनप्रकल्पाचा फोटो हवा आहे. सावळीरामने शनिवारी फोटोग्राफरला घेऊन जावं. सावळीरामचं धाबं दणाणलं. झाडं मेली म्हणून सांगावं तर माळ्याची नोकरी जाणार, न सांगावं तर फोटोच सांगणार. सबंध रस्ताभर तो जीपच्या कडेला जीव मुठीत धरून बसला होता. फोटोग्राफर वळणावर उतरला, त्याने समोर बघितलं आणि शीळ घातली. सगळा उतार हिरवागार, वाऱ्यावर हलणारा, मध्ये निळी पाटी. त्याने सावळीरामला कमरेएवढ्या हिरव्यात उभं केलं, हसायला लावलं आणि चाळीस फोटो काढले.

सोमवारी मॅडमनी फोटो टेबलावर मांडले आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "पाच महिन्यांत एवढं घनदाट! सावळीराम, तुझ्या हातात जादू आहे रे."

सावळीरामला खोटं पचत नसे. "मॅडम," तो टोपी काढून म्हणाला, "ती झाडं नाय. नागली हाय."

मॅडमनी विचारलं, "नागली म्हणजे... पापडाची?"

"व्हय."

त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला. बराच वेळ तसाच धरला. आपण मे महिन्यात तिची भाकर खाल्ली होती हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "लांबून कळत नाही ना पण?"

"लांबून नाय कळत."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या.

अहवाल गुळगुळीत कागदावर निघाला. मुखपृष्ठावर सावळीराम, आणि आतल्या पानावर त्याच फोटोखाली तारखेसह ओळ: 'कंपनीने फुलवलेल्या स्थानिक प्रजातींच्या वनात आमचे हरितसैनिक सावळीराम'. पुरस्कारही मिळाला. समारंभासाठी सावळीरामला मुंबईला नेलं, खिशावर कंपनीचं नाव शिवलेला शर्ट दिला, आणि स्टेजवरून उतरल्यावर तो परत घेतला. कारण शर्ट कायम कामगारांसाठी होते. मोठे साहेब परत म्हणाले की जबाबदारी आमच्या नसानसांत आहे. सावळीरामला अहवालाची एक प्रत मिळाली. चंद्रभागेने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली, कारण नवऱ्याचा फोटो चांगला आला होता.

पुढची पाच वर्षं पाच हजार झाडं दर अहवालात थोडी थोडी वाढत गेली. त्यांच्यामुळे हवा किती शुद्ध झाली याचे आकडे आले. पक्षी परतले असंही एका वर्षी आलं. ते मात्र खरं होतं, नागलीवर पक्षी येतातच. विभागाच्या दोन खोल्यांच्या जागी गंगापूर रोडवर काचेचं ऑफिस झालं, मॅडम विभागप्रमुख झाल्या. सावळीराम अकरा महिन्यांच्या हिशेबाने जगत राहिला आणि खड्ड्यातली रोपं कँटीनमागे नेत राहिला.

मग जंगलजमिनीचा नवा कायदा आला. दोन हजार पाचच्या डिसेंबरच्या आधीपासून जो स्वतः कसत होता, त्याच्या नावावर तुकडा होणार होता. उंबरदऱ्यात कधी नव्हे ती कागदांची शोधाशोध सुरू झाली. लोकांकडे बापजाद्यांच्या दंडाच्या पावत्या होत्या. जंगलात नांगर धरल्याबद्दल भरलेला दंड आता जमिनीचा पुरावा ठरत होता. सावळीरामच्या बापानेही दंड भरला होता, पण पावत्या वाळवीने खाल्ल्या होत्या. एक पुरावा म्हाताऱ्या माणसाच्या जबाबाचा चालायचा, तो भागुबाईने ठणकावून दिला. दुसरा कागदाचा हवा होता. चंद्रभागेने पेटी उघडली आणि अहवाल काढला.

"ह्यात तुमी हाय, शेत हाय, नागली हाय, तारीख हाय," ती म्हणाली. "अजून काय पायजे?"

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये तालुक्याला सुनावणी झाली. सुनावणी घेणारे सरकारी साहेब नवे होते, तरुण होते, नियमाने चालणारे होते. त्यांनी फोटो बघितला आणि खालची ओळ वाचली.

"इथे तर लिहिलंय की हे कंपनीने लावलेलं वन आहे."

"साहेब, नागली हाय ती," सावळीराम म्हणाला. सोबत आलेला सगळा पाडा म्हणाला, नागली हाय. भागुबाईने तर फोटोवर बोट ठेवून कणसं मोजायला घेतली. साहेबांच्या शिपायानेही वाकून बघितलं आणि हळूच मान डोलावली, कारण तो शेजारच्या पेठचा, नागली खाऊनच वाढलेला होता.

"मला दिसतंय हो," साहेब म्हणाले. "पण कागदावर कंपनीचा प्रकल्प आहे, पाटी कंपनीची आहे, तुम्ही कंपनीचे हरितसैनिक आहात. उद्या कोणी म्हणालं की हा तिथं कंपनीचा मजूर म्हणून उभा होता, तर? तुम्ही स्वतःसाठी कसत होता एवढं मला कुठूनतरी कागदावर हवं. मी कंपनीला पत्र पाठवतो. त्यांचं उत्तर आलं की बघू."

फोटो सगळ्यांना दिसत होता. खालची ओळ मात्र साहेबांना वाचावी लागत होती. सावळीराम जीपने नाशिकला आला तो थेट काचेच्या ऑफिसात गेला. मॅडमनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं.

"मॅडम, एकच लिवून द्या. ती नागली हुती आन् माजी हुती."

मॅडमनी डोळे मिटले. नागली होती असं लिहिलं की पाच हजार झाडं गेली, पुरस्कार गेला, पाच वर्षांचे आकडे गेले. झाडं होती असं लिहिलं की जंगलाच्या जमिनीवर कोणाच्या परवानगीने लावली हा प्रश्न आला, आणि आता ती कुठं आहेत हा त्याहून वाईट प्रश्न. "मी बघते रे," त्या म्हणाल्या. "हे आता कायदेशीर विभागाकडे जाईल. रविराज साहेब ठरवतील. पण मी बघते."

रविराज साहेब कंपनीचे वकील. त्यांनी नक्की काय बघितलं ते सावळीरामला कळलं नाही, पण एप्रिलच्या शेवटी गेटवरच्या वॉचमनने त्याचं कार्ड घेतलं आणि ते परत दिलं नाही. ठेकेदार म्हणाला, "वरून सांगितलंय. काही दिवस येऊ नको." सावळीरामने विचारलं, "किती दिस?" ठेकेदार दुसरीकडे बघू लागला. सावळीराम कात्री जमा करून पाड्यावर आला. नोकरी गेली, आता जमीन जाणार, हे त्याने स्वतःच्या मनाशी धरून ठेवलं. तीन आठवडे तो कोणाशी धड बोलला नाही. चंद्रभागेने नागलीच्या रोपांसाठी राब भाजला, तेव्हा तो नुसता धुराकडे बघत बसून होता.

मेच्या अखेरीस दुसरी सुनावणी झाली. साहेबांनी कंपनीचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'संदर्भीय छायाचित्रातील इसम नामे सावळीराम भोये हा कंपनीचा कर्मचारी नाही व कधीही नव्हता.'"

सावळीरामची मान खाली गेली.

"'सदर इसम सन दोन हजार तीनमध्ये मौजे उंबरदरा येथील जागेवर जी काही लागवड करीत होता, ती तो स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या श्रमाने व केवळ स्वतःसाठी करीत होता. सदर जमिनीशी, तीवरील पिकाशी व सदर इसमाच्या उपजीविकेशी कंपनीचा कोणताही संबंध नसून, त्याबाबत कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही.'" साहेबांनी खालची सही बघितली. "'विभागप्रमुख, सामाजिक जबाबदारी विभाग'."

साहेबांनी तेच वाक्य पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"स्वतःच्या श्रमाने, केवळ स्वतःसाठी. सावळीराम, मला हवं होतं ते अक्षरशः हेच. तुमच्या वतीने एवढं स्वच्छ मीसुद्धा लिहू शकलो नसतो."

त्यांनी दावा मंजुरीच्या गठ्ठ्यात ठेवला. जमीन वाचली हे सावळीरामला कळायला थोडा वेळ लागला. 'कधीही नव्हता' हे मात्र लगेच कळलं होतं. भागुबाईने त्याच्या पाठीवर थाप मारली, सगळे हसत होते, आणि तो हातातल्या टोपीची घडी घालत होता, परत मोडत होता.

परतताना जीपमध्ये चंद्रभागा म्हणाली, "कंपनीनं तुमच्याबद्दल एवढी वर्सं काय काय छापलं. त्यात ह्ये एकच खरं निघालं."

"त्येबी खोटंच हाय," सावळीराम म्हणाला. "पंधरा वर्सं हुतो की मी तिथं."

जून लागला. निळी पाटी उपटून चंद्रभागेने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली. रंग अजून पक्का होता. सावळीराम बांधालगतच्या सात झाडांना आळी करत होता. करता करता त्याचा हात थांबला.

"आज तारीख काय गं?"

"सा जून. का?"

"काल कंपनीत मोठ्या साहेबांनी झाड लावलं आसंल. त्या खड्ड्यात." त्याने हाताची माती झटकली. "त्ये आज कोनी उचललं आसंल का कँटीनमागं? तिथंच ऱ्हायलं तर पुढल्या साली फेकून देतील."

"ती आता तुमची जबाबदारी नाय," चंद्रभागा म्हणाली. "कंपनीनं लिवून दिलंय."

"नाय ना," सावळीराम म्हणाला. मग टोपी डोक्यावर घालून, सकाळची पहिली जीप किती वाजता सुटते ते विचारायला गोटीराम ड्रायव्हरच्या घराकडे चालू लागला.